पाच दारांच्या महालातली राजकन्या

परीच्या लग्नात शिंकली म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढी होऊन बसलेली एक राजकन्या मी माहेराहून जालन्याला आणली. बाकी सामान थोडंच होतं. पत्र्याची पेटी, तिच्यात दोन लुगडी, शिदोरीचं फडकं.  राजकन्या मात्र कुणाला दिसत नव्हती, जागा अडवत नव्हती, तिला तिकीटही लागलं नाही. पुढं तिनं जे काम केलं ते पाहता, मी सासरी आणलेल्या चीजवस्तूंत खरा दागिना तीच होती असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

माझं गाव नांदेडच्याही पल्याड, तेलंगणाच्या शिवेला. तिसरीचं पुस्तक अर्ध्यावर आलं आणि माझी शाळा सुटली. वरच्या वर्गात मुलगी म्हणून मी एकटीच जाणार होते, वडिलांना ते बरं दिसेना. शाळेतून उठले ती शेजारच्या खालाच्या ओसरीवर जाऊन बसले. खाला रजया शिवायची. तिच्या घरात उर्दू, आमच्या घरात मराठी, आणि दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात जे काय बोललं जायचं त्याला नाव नव्हतं, पण ते सगळ्यांना समजायचं. रजईचं टोक ताणून धरायचं काम माझ्याकडं. दिवसभर खाला नुसती गुणगुणायची. दिवा लागला की सुई ओढणीत टोचून ठेवायची आणि विचारायची, "हां, बोल, शहजादी कां थी आपनी?" म्हणजे, राजकन्या कुठवर आली होती?

दिवसा गोष्ट का नाही, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या घरातला मामा चुकायचा, खालाच्या घरातला मामू चुकायचा, एवढाच फरक.

आता राजकन्येची गोष्ट. परीचं लग्न होतं. खालाच्या गोष्टीत परीच्या लग्नाला काझीही असायचा आणि अंतरपाटही असायचा, दोन्हीकडचं काही राहून जायला नको म्हणून. सगळे अक्षता घेऊन श्वास रोखून उभे, आणि नेमकी त्या घडीला राजकन्या शिंकली. शिंक अशी की अंतरपाट उडून नवरदेवाच्या तोंडावर. परी चिडली. म्हणाली, "माझ्या मुहूर्ताला शिंकलीस? जा, इतकी बारीक हो की तुझी शिंक मुंगीलासुद्धा ऐकू यायची नाही." राजकन्या दाण्याएवढी झाली. परीनं तिला एका महालात ठेवलं. महालाला खिडकी नाही, दारं पाच. प्रत्येक दाराला एक दरवान आणि प्रत्येक दरवानाची वेगळी खोड. तिथं तलवार चालायची नाही, जादूही चालायची नाही. ज्याची जशी खोड तशी त्याची मर्जी राखायची, तेव्हा दार उघडायचं.

दरवान खाला दरवेळी बदलायची. एक दरवान रुसका, एक बहिरा, एक नुसता खादाड. आणि पाचव्या दाराशी आली की ओढणीतली सुई काढायची, "बाकी कल." तो कल कधी आला नाही. माझं लग्न ठरलं, मी जालन्याला आले, आणि राजकन्या पाचव्या दाराच्या आतच राहिली.

जालन्याला आमचं बिऱ्हाड जुन्या जालन्यातल्या एका बोळात होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीची ती वर्षं, निजामाचं राज्य. आमचे मालक बैलगाडी हाकायचे. अंबडकडच्या खेड्यांतून जिनिंगला कापूस आणायचे, जाताना मीठ, गूळ, कापडाचे गठ्ठे भरून न्यायचे. घरात त्यांची थोरली बहीण होती, तिला मी आक्का म्हणायची. आक्काचा नवरा एक दिवस बाजाराला म्हणून गेला आणि वाटेतच पटकीनं गेला. निरोप घरी पोचला तोवर त्याची माती झाली होती. तेव्हापासून आक्का मुलीला घेऊन भावाकडं राहायची आणि जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. मुलगी सहा-एक वर्षांची. आमच्या मालकांची भाची, म्हणजे मी तिची मामी.

मी मुळातच काळजी करणारी बाई. दाराची कडी लावून आले की परत जाऊन बघायची. मालक गाडी घेऊन निघाले की चाक, जू, बैल, पाऊस, चोर, ताप, एकेकाची पाळीपाळीनं काळजी करायची. मालक आक्काला म्हणायचे, "आक्का, हिला एखाद्या दिवशी काळजी वाटली न्हाई ना, तर ती त्याचीच काळजी करंल." आक्का हसायची. ती स्वतः काळजी करायची नाही. तिला फक्त रस्त्याचं भय होतं. घरातलं माणूस रस्त्यावर असलं की ती जेवताना दाराकडं तोंड करून बसायची.

त्या सुगीत मालकांनी एक नवा बैल घेतला आणि त्याच सुगीत पोरीचा हात भाजला.

आक्का भाकरी करून राह्यली होती. आमच्याकडं भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात, हे त्या पोरीनं रोज बघितलेलं. आक्का काटक्या आणायला दोन पावलं बाजूला झाली आणि पोरीनं परातीतल्या पाण्यात हात बुडवून मोठ्या बाईच्या ऐटीत फिरवला. भाकरी मात्र त्या वेळेला तव्यावर नव्हती. उजव्या हाताचा सगळा तळवा आणि बोटं.

बोळातल्या बायकांनी जिनं तिनं आपला उपाय केला. कुणी तूप लावलं, कुणी कोरफड आणली. शेवटी मी पोरीला कडेवर घेऊन मिशनच्या दवाखान्यात गेले. तिथं नगरकडची एक नर्सबाई होती, पांढऱ्या पातळातली, आवाजानं कडक आणि बोटांनी मऊ. तिनं हात धुतला, बघितला आणि जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे.

"जखम भरेल. पण भरताना कातडी आखडते. रोज इथं आणायचं, रोज बोटं उघडायची, लाकडी पट्टीवर सरळ बांधायची. टाळलंत तर मूठ मिटेल ती मिटलेलीच राहील, मग देवही उघडणार नाही."

घरी येऊन मी आक्काला हे सांगितलं. ती आपल्याच हाताकडं बघायला लागली. मग म्हणाली, "उजवा हात. भाकरी कशी थापंल गं माझी लेक?" तिनं बाकी काही विचारलं नाही. आमच्यासारख्या घरात पोरीचा सगळा जन्मच त्या एका प्रश्नात आला होता.

आक्का कामावरून सुटू शकत नव्हती, आणि सुटली असती तरी तिला ते बघवलं नसतं. म्हणून रोज सकाळी मीच पोरीला घेऊन जायची. पहिल्या दिवशी नर्सबाईनं अंगठ्याला हात लावला आणि पोर अशी किंचाळली की पलीकडच्या झाडावरचे कावळे उठले. पोरीनं मूठ छातीशी आवळून धरली. चार माणसं लागली आणि तरी एक बोट नीट उघडलं नाही. नर्सबाईच्या कपाळाला घाम आला. "असं जबरदस्तीनं केलं तर कातडी फाटेल, बाई," ती मला म्हणाली. "तिनं स्वतः उघडली पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात पाळीची वाट बघत बसलो होतो. पोरीची मूठ माझ्या मांडीवर होती, चुलीवरच्या मडक्यासारखी गरम. मी तिच्याकडं बघत होते, आणि मला एकदम दिसलं: महालाला खिडकी नाही, दारं पाच.

मी म्हणाले, "अगं, तुझ्या मुठीत कोण अडकलंय ठाऊक हाय का?"

ती रडायची थांबली. "कोण?"

"शिंकणारी राजकन्या."

ऊन चांगलं वर आलं होतं. ढळढळीत दिवस होता आणि पोरीचा मामा, म्हणजे माझाच नवरा, त्याच सकाळी गाडी जुंपून अंबडच्या रस्त्याला लागला होता. हे सगळं मला बराबर आठवत होतं. तरी माझी जीभ थांबली नाही.

पहिल्या दारावर अंगठा. अंगठ्याला मी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचा शिपाई केला. मालक त्या नाक्यांवरच्या गमती घरी येऊन सांगायचे, त्या मला उपयोगी पडल्या. जाडजूड, ठेंगणा, इतरांपासून फटकून उभा राहणारा. "परवाना दिखाव!" मी जाड आवाजात ओरडले. "राजकन्येचा परवाना कुठंय?" पोर म्हणाली, "तिच्याजवळ न्हाई." "न्हाई? मंग हुजूर म्हण. तीनदा हुजूर म्हटलं की हा फुगतो, आणि फुगला की त्याला दारात मावता येत न्हाई, बाजूला व्हावं लागतं." पोरीनं अंगठ्याला हुजूर म्हटलं. आत पट्टीच्या टेबलावर तिनं डोळे मिटले, ओठ चावला, रडली, पण अंगठा तिनं स्वतः बाजूला केला. नर्सबाईनं माझ्याकडं बघितलं. आणि उद्याची वेळ लवकरची दिली.

दुसरा दरवान चुगलखोर, येता-जाता सगळ्यांकडं बोट दाखवणारा. त्याला कानात एक चुगली सांगितली की तो ती पुढं सांगायला धावत जायचा आणि दार उघडं राहायचं. पोरीनं त्याच्या कानात आक्काची चुगली सांगितली, की आई मीठ चाखताना गूळबी खाते. तिसरा उंचाडा, त्याचं डोकं ढगात, खालचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून त्याला कडुलिंबावर चढून हाक मारायची. चौथा असा की शेजारी उठल्याशिवाय उठायचाच नाही. हे मी उगाच नाही रचलं. तुम्ही मधलं बोट मुडपून आपला हात टेबलावर ठेवून बघा, अंगठीचं बोट एकट्यानं उचलत नाही.

व्हरांड्यात माणसं जमायला लागली. पायाला जखम झालेले एक म्हातारे मियाँ रोज आमच्या शेजारी सरकून बसायचे. तिसऱ्या दाराच्या वेळी एक बाई त्यांना म्हणाली, "चाचा, दिवसा गोष्ट ऐकू नका, मामा वाट चुकतो." मियाँ म्हणाले, "हमारे मामू तो कब्बी के कबरस्तान को पहुँच गए बाई, बिलकुल सीधे. अब कां का रस्ता भूलते? तू बोल गे बेटी, वो लंबू का क्या हुआ?"

सगळा व्हरांडा हसला. मीही हसले. पण घरी जाताना मला ते हसणं आठवलं आणि मी चालता चालता अंबडच्या रस्त्याकडं वळून बघितलं, कारण आमच्या पोरीचा मामा जिवंत होता आणि रस्त्यावर होता.

दुसऱ्या दिवशी चौथं दारही उघडलं. त्या संध्याकाळी पोरीनं आईला सगळी गोष्ट सांगितली. आपण चार दारं उघडली हेही सांगितलं, मोठ्या अभिमानानं. आक्कानं हातातला कापसाचा बोचका खाली टाकला.

"कव्हा सांगितली गोष्ट?"

"सकाळी. दवाखान्यात."

आक्का माझ्याकडं वळली. "उन्हात? वहिनी, उन्हात सांगितलीस? भाऊ माझा रस्त्यावर हाय!"

"आक्का, चार बोटं उघडली."

"अन् भाऊ?" ती म्हणाली. "तू लांबची आलीस, तुला इथलं काय? ज्याच्या जिवावर तू अन् मी दोघी जेवून राह्यलो, त्याचीच वाट बांधून टाकलीस!"

तुला इथलं काय, हे मला लागलं. पण ती चूक बोलत होती असंही मला वाटलं नाही. तो दिवस बाजारचाच होता आणि मालक आदल्या दिवशी परतणार होते. ते आले नाहीत. बाजारचा दिवसही मावळला, ते आले नाहीत. त्यांच्याबरोबर निघालेले दुसरे गाडीवान आले. त्यातला एक आक्काला म्हणाला, "आमच्या म्होरंच निघाल्ता की. अजून न्हाई आला?" आक्का त्या दिवशी जेवायला बसलीच नाही. मी कडी लावून परत बघायला गेले, तर ती दाराजवळच बसलेली. म्हणाली, "कडी नको लावू."

सकाळी ती कामावर गेली नाही. म्हणाली, "मी येते दवाखान्यात. गोष्ट बंद म्हंजी बंद. माझ्यासमोर बोटं उघडू द्या."

तिघी गेलो.  त्या दिवशी पाचव्या दाराची पाळी होती. करंगळी सगळ्यात जास्त भाजलेली, तिच्या मुळाशी कातडी दोरीसारखी ताठ झालेली. नर्सबाईनं पट्टी सोडली. गोष्ट नाही म्हटल्यावर पोरीनं हात मागं ओढला आणि आमच्या डोळ्यांदेखत तिची आधीची चारही बोटं परत मिटली. चार दिवसांची कमाई एका दमात. आक्कानं तिला जवळ घेतलं, रागावली, गोंजारलं, देवाची शपथ घातली. पोर नुसती "न्हाई, न्हाई" करत होती. आक्का रडायला लागली, मग पोर जास्तच रडायला लागली.

नर्सबाई म्हणाली, "आज उघडली नाहीत तर उद्या मी सांगू शकत नाही."

मी घाबरट बाई. सासरी येऊन वर्ष झालं होतं आणि आक्काच्या शब्दापुढं मी कधी गेले नव्हते. नवरा कुठं आहे ठाऊक नाही, माहेर इतकं लांब की रडायला जायचं तरी रेल्वे बदलावी लागायची. पण त्या घडीला माझं डोकं इतकं स्वच्छ होतं की मला अजून त्याचं नवल वाटतं.

मी म्हणाले, "आक्का, मालक वाट चुकले असतील तर विचारत विचारत घरी येतील. त्यांना तोंड हाय. बोटं वाट चुकली तर ती कुणाला विचारतील?"

आक्का माझ्याकडं बघत राहिली.  पदर तोंडाला लावून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मी खाली बसले आणि सुरुवातीपासून सुरू केलं. परीचं लग्न, अंतरपाट, शिंक. करोडगिरीच्या शिपायाला मी यावेळी ढेकर द्यायला लावला. पोरीनं हुंदका देत हुजूर म्हटलं, एकदा, दोनदा, तीनदा. अंगठा बाजूला झाला. चुगलखोराला चुगली मिळाली. उंचाड्याला हाक मारली. नर्सबाईचे हात तिच्या हाताखाली नुसते ओंजळीसारखे धरलेले, ओढत नव्हते. चौथ्याला उठवलं. आणि पाचव्या दाराशी येऊन मी थांबले, कारण खाला तिथंच थांबायची आणि पुढचं मला ठाऊक नव्हतं. मी काहीतरी सुचतंय का बघत होते. 

भिंतीकडून आवाज आला, "मंग?"

आक्का होती ती. तोंड भिंतीकडंच, पदर तसाच.

"मंग पाचव्या दरवानाचं काय झालं?" तिनं परत विचारलं, जरा चिडून.

मला हसू आलं, रडूही आलं. मी म्हणाले, "पाचवा दरवान सगळ्यात ल्हान. त्याला कुणी कधी काही विचारलंच न्हाई, म्हणून तो दार लावून बसलाय. त्याला फक्त विचारायचं, की बाबा, जेवलास का?"

पोरीनं करंगळीकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "जेवलास का रं?" करंगळी हलली. पूर्ण उघडली नाही, पण हलली, आणि नर्सबाईनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. "बास," ती म्हणाली. "आजच्याला इतकं बास. उद्या पुन्हा विचारू."

घरी आलो तर अंगणात गाडी उभी होती. मालक बैलांना पाणी दाखवत होते. दाढी वाढलेली, अंगभर धूळ. आक्का जागच्या जागी उभी राहिली. 

"कुठं गेल्तास रं?" आक्कानं विचारलं.

"वाट चुकलो," मालक म्हणाले.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. मी मान खाली घातली.

"हितून तिथवर वाट चुकलास? जल्माचा गाडीवान?"

"अगं आधी ऐक तर," मालक म्हणाले, आणि पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. अंतरवालीकडून कापूस भरला. चांदण्याचं निघावं, सकाळी जालना. गाडी रस्त्याला लावली आणि कापसावर डोकं टेकून झोपले. सगळे गाडीवान झोपतात. बैलांना घर ठाऊक असतं. पण नवा बैल घेतलेला घनसावंगीकडच्या एका गावातून, हे झोपेत ते विसरले. बैलालाही घर ठाऊक होतं, पण त्याचं. फाट्याला आल्यावर त्यानं जुन्या बैलाला ढकललं आणि गाडी वळवली. मालक जागे झाले तर गाडी एका अनोळखी गोठ्यापुढं उभी, नवा बैल गव्हाणीत तोंड घालून मजेत, आणि बैलाचा जुना मालक दात घासत समोर. म्हणाला, "या पाव्हणं. परत द्यायला आलात काय?"

पोर खदखदून हसली. मालक म्हणाले, "त्यानं जेवल्याबिगर सोडलं न्हाई. निघालो तर चाकाची लोखंडी धाव निसटली. लोहार दुसऱ्या गावाला गेल्ता. ते दोन दिवस असे गेले."

आक्का म्हणाली, "बैलानं न्हाई चुकवली. हिनं चुकवली. उन्हात गोष्ट सांगून." आणि तिनं सगळं सांगितलं. तक्रारीच्या आवाजात सुरू केलं, पण सांगता सांगता हुजूर आले, लंबू आला, जेवलास का आलं. मालक ऐकत होते. मधे त्यांनी पोरीचा पट्टीवर बांधलेला हात मांडीवर घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून बघितली.

मी म्हणाले, "आता न्हाई सांगणार दिवसा."

"मंग बोटं कशी उघडतील?" ते म्हणाले. त्यांनी बैलाकडं बघितलं. "बैलानं चुकवली का गोष्टीनं, ते त्या बैलालाच इचारा. पण एक सांगा, मामा घरीच बसला, तर वाट चुकंल का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी आक्काकडं.

"रस्त्यावर असला तर चुकंल ना? मी रस्त्यावर जातच न्हाई. हात बरा होईपर्यंत गाडी सोडलेली."

कापसाचा ऐन भर होता. बाकीचे गाडीवान रात्रंदिवस हाकत होते. ते मालकांना म्हणाले असतील ते म्हणाले असतील. दुसऱ्या दिवसापासून मालक आमच्याबरोबर दवाखान्यात यायला लागले. व्हरांड्याच्या पायरीवर चाबूक मांडीवर घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "मामा हजर हाय. होऊ द्या सुरू." म्हातारे मियाँ उठून त्यांना जागा द्यायचे, "आव मामू, आव. तुमारे वास्ते कल की कहानी अटक गई." आक्का कामावर जायला लागली, पण संध्याकाळी येताच पहिलं विचारायची, "पाचवा जेवला का?"

गोष्टीला शेवट मी दिला नाही. तो पोरीनं दिला. जखम भरत आली होती, नर्सबाईनं पट्टी हलकी केली होती. मालकांनी विचारलं, "मंग दारं सगळी उघडल्यावर राजकन्या भाईर येऊन काय करती?" मला सुचेना. पोर म्हणाली, "शिंकती. अन् मोठी व्हती." एका शिंकेनं लहान झालेली दुसऱ्या शिंकेनं मोठी होणार, यात काय विचारायचं, असा तिचा चेहरा होता. माझ्या खालाला इतकी वर्षं जे जमलं नाही, किंवा तिला सांगायचं नव्हतं, ते असं झटक्यात झालं. खालाला ते कळवायला मला फार आवडलं असतं. परत माहेरी गेले तेव्हा तिची ओसरी दुसऱ्या कुणाची झाली होती.

चार बोटं सरळ झाली. करंगळी कायमची थोडी वाकडी राहिली. नर्सबाईनं बऱ्याचदा प्रयत्न केला, मग म्हणाली, "एवढी राहू दे तिची." पोरीनं त्याचाही खुलासा केला: राजकन्येला कधी आत बसावंसं वाटलं तर एक दार नुसतं लोटलेलं पाहिजे.

तिला भाकरी शिकवायला मी बसले, आक्का नाही. आक्का लांब, पाठ करून, ज्वारी निवडत होती. पहिली भाकरी पोरीनं परातीत थापली, फिरवली, वाढवली, आणि तव्यावर टाकली. ती वरून पाण्याचा हात फिरवायला लागली तशी मी डोळे मिटून घेतले. उघडले तर भाकरी फुगत होती. तिच्या कडेला एका जागी, जिथं वाकडी करंगळी टेकायची तिथं, एक लहानशी खाच होती.

"आई, बघ," पोर म्हणाली. "राजकन्येचं दार."

आक्का उठून आली. तिनं भाकरी हातात घेतली, तोडली नाही. मला म्हणाली, "वहिनी, आजची पहिली तू खा." मालक म्हणाले, "अन् मामा?" आक्का म्हणाली, "मामाला काय, तो घरीच हाय. त्याला दुसरी."

ती पोर पुढं लग्न होऊन परभणीकडं गेली. तिच्या हातच्या भाकऱ्या आजही शिदोरीतून माझ्यापर्यंत येतात. फडकं सोडलं की मी आधी खाच शोधते. ती दिसली की मग जेवते.